‘इफ्यूसिव्ह’: भरून येणं वेगळं, सांडणं वेगळं

मागच्या महिन्यात भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. ती एका आयटी कंपनीत आहे आणि परदेशी क्लायंटशी रोजचा पत्रव्यवहार तिच्याकडेच असतो. वर्षाच्या अप्रेझलमध्ये मॅनेजरने चार ओळी चांगल्या लिहिल्या होत्या आणि पाचवी अशी होती: ‘हर ईमेल्स कॅन बी अ बिट इफ्यूसिव्ह.’ खाली तिचा प्रश्न: ‘मामा, हे कौतुक आहे की टोमणा? फोन म्हणतोय, इफ्यूसिव्ह म्हणजे भावनाप्रधान.’

मी भाषांतराचं काम करतो. त्यामुळे आमच्या घराण्यातल्या सगळ्यांचा मी बिनपगारी शब्दकोश आहे. औषधाच्या डबीवरच्या बारीक अक्षरांपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. तिला एका ओळीत उत्तर दिलं: ‘टोमणा नाही, पण कौतुकही नाही. “अ बिट” आहे ना, त्यात सगळं आलं.’ इंग्रजी माणसाला तक्रार करायची असते पण समोरच्याला बोचू द्यायचं नसतं, तेव्हा ‘अ बिट’ येतं. आपल्याकडे ‘जरासं’ येतं, तसंच. ‘भाजीत मीठ जरासं पुढे आहे’ म्हणणाऱ्याच्या पानात भाजी किती उरते ते बघावं.

एका ओळीने तिचं समाधान झालं नाही. खरं तर माझंही झालं नाही. हा शब्द मी अनुवादात वीसेक वेळा तरी पाहिला असेल आणि दर वेळी त्याला वेगळा मराठी शब्द द्यावा लागला आहे. कधी ‘भरभरून’, कधी ‘तोंडभरून’, आणि एकदा तर चक्क ‘अघळपघळ’. एकाच शब्दाला एवढे वेगवेगळे मराठी शब्द लागत असतील, तर त्याच्या पोटात काहीतरी दडलेलं असणार.

आधी साधा अर्थ. कौतुक, आभार, आनंद, आपुलकी हे सगळं हात न आखडता, मोजमाप न करता बोलण्यातून किंवा लिहिण्यातून बाहेर ओतलं जातं, त्या बोलण्याला आणि ते बोलणाऱ्याला इफ्यूसिव्ह म्हणतात. ‘इफ्यूसिव्ह प्रेझ’, ‘इफ्यूसिव्ह थँक्स’, ‘इफ्यूसिव्ह वेलकम’ या त्याच्या नेहमीच्या जोड्या. उच्चार करताना जोर ‘फ्यू’वर येतो आणि विशेषणात शेवटी सहसा ‘स’ असतो, इ-फ्यू-सिव्ह. नामात मात्र तो ‘स’ ‘झ’कडे झुकतो, इफ्यूझन.

या व्याख्येतल्या दोन गोष्टी फोनमधल्या ‘भावनाप्रधान’मध्ये गळून पडतात. पहिली ही की हा शब्द मनात किती आहे याबद्दल बोलतच नाही. तो बाहेर किती आलं एवढंच सांगतो. आत डोंगराएवढी माया असलेला, पण मुलाला स्टेशनवर सोडताना ‘पोचलास की फोन कर’ एवढंच बोलणारा बाप इफ्यूसिव्ह नाही. आणि लग्नात ज्याची आपली ओळख तिसऱ्याच कुणाच्या तरी मार्फत आहे असा एखादा पाहुणा, दोन्ही हात हातात घेऊन ‘काय आनंद झाला म्हणून सांगू तुम्हाला भेटून’ असं पाच मिनिटं सांगत राहतो, तो इफ्यूसिव्ह. त्याला खरंच आनंद झाला असेल किंवा नसेलही. शब्दाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

दुसरी गोष्ट: हा शब्द साधारणपणे गोड बाजूचा आहे. संतापाने भडाभडा बोलणाऱ्याला कुणी इफ्यूसिव्ह म्हणत नाही. हंबरडा फोडणाऱ्याला तर नाहीच. स्तुती, आभार, स्वागत, लाड, फार तर माफी, एवढाच त्याचा संसार.

आता मराठीकडे वळतो, कारण खरी गंमत इथे आहे. भावना अनावर होण्याला आपल्याकडे किती शब्द आहेत पाहा: ऊर भरून येणं, कंठ दाटणं, गहिवरणं, डोळे पाणावणं, मन हेलावणं, उचंबळून येणं, उमाळा, कढ, ओथंबणं, पाझर फुटणं, पान्हा फुटणं, उधाण येणं. जवळजवळ सगळे पाण्याचे किंवा दुधाचे आहेत. उमाळा झऱ्याचा. कढ उकळत्या भांड्याचा. उचंबळतं ते काठोकाठ भरलेलं भांडं. उधाण पुनवेच्या-अवसेच्या भरतीचं. पण एक बघितलंत का? यातले बरेचसे शब्द काठाशी येऊन थांबतात. कंठ दाटतो, म्हणजे शब्द फुटत नाही. डोळे पाणावतात, म्हणजे पाणी अजून पापणीच्या आत आहे. ‘भरून आलं’ हे आपण आभाळाबद्दलही म्हणतो आणि तेव्हा पाऊस पडायचा असतो, पडलेला नसतो.

नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव घेतले तरी हेच दिसतं: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. शरीर जागच्या जागी खिळतं, घाम सुटतो, काटा येतो, आवाज फुटेनासा होतो, थरथर सुटते, रंग उडतो, डोळ्यांत पाणी येतं, शुद्ध हरपते. आठांपैकी एकातही माणूस बोलत नाही. बोलणं थांबणं हीच मोठ्या भावनेची खूण मानलेली आहे. ‘शब्द अपुरे पडतात’ हे वाक्य आपल्या प्रत्येक सत्कार समारंभात येतं ते उगाच नाही. (त्यानंतर वक्ता वीस मिनिटं बोलतो, ते सोडा.)

इफ्यूसिव्ह हा शब्द बरोबर उलट्या टोकाला उभा आहे. त्याच्या पोटातच ‘ओतणं’ आहे. लॅटिनमध्ये ‘फुंदेरे’ म्हणजे ओतणं, आणि त्याला ‘एक्स’ म्हणजे बाहेर हा उपसर्ग लागून ‘एफुंदेरे’ झालं, बाहेर ओतून देणं. मराठीचं भरून येणं काठापर्यंतचं आणि इंग्रजीचं इफ्यूसिव्ह काठानंतरचं. मला हा शब्द समजला तो हा फरक कळल्यावर. त्याआधी मीही त्याला ‘भावपूर्ण’ वगैरे करून मोकळा होत असे.

या ‘फुंदेरे’चं गोत मोठं आहे. ट्रान्सफ्यूजन म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ओतणं, म्हणून रक्त चढवण्याला तो शब्द. कन्फ्यूज म्हणजे सगळं एकात ओतून कालवून टाकणं. रिफंड म्हणजे परत ओतणं. ऑनलाइन मागवलेल्या चपलेचे पैसे आठवडाभराने खात्यात येतात, तेव्हा ते थेंबाथेंबाने ओतल्यासारखे का येतात याचं उत्तर या व्युत्पत्तीत नाही, पण शब्द तोच. धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना म्हणजे फाउंड्री, आणि छापखान्यात ओतीव खिळे असायचे म्हणून अक्षरांच्या संचाला फॉन्ट. कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम करणारा आणि संगणकावर देवनागरी फॉन्ट निवडणारा, दोघंही या एकाच मुळाशी जोडलेले आहेत.

आणि आणखी मागे गेलं की हे मूळ आपल्या घरात येतं. संस्कृतातला ‘हु’ धातू म्हणजे अग्नीत ओतणं. त्यापासून होम, हवन, हविष्य, आहुती. लॅटिन ‘फुंदेरे’ आणि संस्कृत ‘हु’ एकाच प्राचीन मुळापासून फुटलेल्या फांद्या आहेत, हे भाषाशास्त्रात पक्कं मानलं जातं. म्हणजे आहुती आणि इफ्यूसिव्ह या लांबच्या बहिणी झाल्या. आहुतीत मात्र तूप पळीने मोजून घालतात.

इंग्रजीत हे कुटुंब आलं तेव्हा भावनेशी त्याचा संबंध नव्हता. ‘इफ्यूजन’ बराच काळ वापरात होता तो रक्तासाठी. ‘इफ्यूजन ऑफ ब्लड’ म्हणजे रक्तपात, आणि हा युद्धातल्या पत्रव्यवहाराचा ठरलेला शब्दप्रयोग होता. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या शेवटी, ७ एप्रिल १८६५ रोजी, उत्तरेचा सेनापती ग्रँट याने दक्षिणेचा सेनापती ली याला पत्र लिहून शरणागती मागितली, तेव्हा यापुढच्या ‘इफ्यूजन ऑफ ब्लड’ची जबाबदारी माझ्यावर नको असं त्याने म्हटलं. लीनेही उत्तरात तेच शब्द वापरले, निरर्थक इफ्यूजन टळावं ही माझीही इच्छा आहे. दोन दिवसांनी, ९ एप्रिलला, व्हर्जिनियातल्या अ‍ॅपोमॅटॉक्स कोर्ट हाउस गावी त्याने शस्त्रं खाली ठेवली. जो शब्द तिथे रक्तासाठी होता तोच आज ईमेलमधल्या उद्गारचिन्हांसाठी वापरला जातो. शब्दांचे दिवस असे पालटतात.

डॉक्टरांकडे तो जुन्या अर्थाने अजून टिकून आहे. फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साठलं की रिपोर्टवर ‘प्ल्युरल इफ्यूजन’ येतं, आपण ‘छातीत पाणी झालं’ म्हणतो. सांध्यात साठलं तर ‘जॉइंट इफ्यूजन’. माझ्या आईच्या गुडघ्याच्या एमआरआयमध्ये ‘माइल्ड जॉइंट इफ्यूजन’ असं लिहून आलं आणि ते भाचीने वाचलं. ‘मामा, आजीचा गुडघापण अ बिट इफ्यूसिव्ह आहे.’ आईने विचारलं, म्हणजे काय गं? ‘म्हणजे तुझा गुडघा फार प्रेमळ आहे.’ आई म्हणाली, ‘मग तो रात्री का ठणकतो?’

पण या शब्दाचा सगळ्यात सुंदर वापर मला भूगर्भशास्त्रात सापडला आणि तो आपल्या पायाखालचाच निघाला. ज्वालामुखीचे उद्रेक ढोबळपणे दोन तऱ्हेचे मानतात. एक एक्सप्लोझिव्ह, दुसरा इफ्यूसिव्ह. फरक शिलारसाच्या घट्टपणाचा आहे. शिलारसात सिलिका जास्त असली की तो चिकट होतो, आतला वायू निसटू शकत नाही, दाब वाढत जातो आणि एक दिवस सगळं फुटतं. हलवलेल्या सोड्याच्या बाटलीचं झाकण उडावं, तसं. जावा आणि सुमात्राच्या मधलं क्राकाटोआ ऑगस्ट १८८३ मध्ये असं फुटलं, तेव्हा तो आवाज हिंदी महासागरात सुमारे ४८०० किलोमीटर दूरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला होता.

सिलिका कमी असलेला, बेसाल्टचा शिलारस मात्र पातळ आणि अतिशय तापलेला असतो. वायू त्यातून सहज निसटून जातो. मग स्फोट होत नाही. लाव्हा नुसता बाहेर येतो, पसरतो, वाहतो, थंड होतो, त्यावर पुन्हा नवा येतो. हवाई बेटांवरच्या किलाउएआचे लोंढे पुष्कळांनी व्हिडिओत पाहिले असतील. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनमध्ये हेच झालं, तेही अफाट प्रमाणात. जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा येत राहिला आणि थरावर थर बसत गेले. आजही हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. आपण त्याला दख्खन ट्रॅप म्हणतो. त्यातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. तो पायरीसाठीच्या ‘त्राप्पा’ या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. घाटात गाडी थांबवून समोरच्या डोंगराकडे पाहिलं तर त्या पायऱ्या डोळ्यांनी मोजता येतात. अजिंठा-वेरूळची लेणी कोरली ती याच काळ्या दगडात.

भूगर्भशास्त्राने हा शब्द अचूक पकडला आहे आणि भावनेच्या बाबतीतही हेच चित्र डोळ्यांसमोर ठेवावं, असं माझं मत आहे. इफ्यूसिव्ह माणूस फुटत नाही, तो वाहतो. त्याच्यात काही दाबून ठेवलेलं नसतं. येईल तसं बाहेर जातं आणि पसरतं. म्हणून ‘भावनांचा उद्रेक’ किंवा ‘भावनांचा स्फोट’ हे या शब्दाचं भाषांतर चुकीचं. स्फोट होतो तो न बोलणाऱ्यांचा. वर्षानुवर्षं ‘पोचलास की फोन कर’ एवढंच बोलणारा बाप मुलीच्या पाठवणीला मांडवाच्या खांबाला धरून ढसाढसा रडतो, तो क्राकाटोआ. त्याला इफ्यूसिव्ह म्हणणं म्हणजे भूगर्भशास्त्राचा अपमान.

या शब्दाचे शेजारी बरेच आहेत आणि लोक एकाच्या घरी जाताना दुसऱ्याची बेल वाजवतात. सगळ्यात जवळचा ‘गशिंग’. गश म्हणजे भसकन वाहणं, फुटलेल्या पाइपसारखं. इफ्यूसिव्हमध्ये कधीकधी मान असतो, गशिंगमध्ये बहुतेक वेळा हसू असतं. सिनेमाच्या परीक्षणाला ‘गशिंग रिव्ह्यू’ म्हटलं की समजावं, लिहिणारा पाघळला आहे. ‘प्रोफ्यूज’ हा सख्खा भाऊ, त्याच फुंदेरेचा, पण तो निव्वळ प्रमाण सांगतो. घाम प्रोफ्यूज येतो, जखमेतून रक्त प्रोफ्यूजली वाहतं, माफीही प्रोफ्यूजली मागतात. इफ्यूसिव्ह घाम मात्र कुणाला येत नाही.

‘एब्युलियंट’ उकळत्या भांड्याचा. लॅटिन ‘बुल्ला’ म्हणजे बुडबुडा आणि त्यावरून उकळून वर येणं. गंमत म्हणजे बातम्यांच्या बुलेटिनचं मूळही हाच बुडबुडा. बुडबुड्यासारखी गोल मोहोर, मोहोर लावलेला कागद, आणि तिथून बुलेटिन असा त्याचा प्रवास झाला. रात्री नऊच्या चर्चा ऐकताना हे मूळ आठवतं. एब्युलियंट माणूस बोलला नाही तरी चालतं. त्याच्या चालण्यात, डोळ्यांत उत्साह फसफसत असतो. ही बहुतेकदा स्तुतीच.

‘एक्झुबरंट’ मात्र माझा लाडका. लॅटिन ‘ऊबेर’ म्हणजे गाईची कास, आणि त्यावरून सुपीक, भरघोस. इंग्रजीतला ‘अडर’ आणि संस्कृतातला ‘ऊधस्’ हे त्याचेच भाऊ, दोन्हींचा अर्थ कास. एक्झुबरंट म्हणजे कास भरून दूध आपसूक वाहू लागावं तसा. हे वाचताना मराठी माणसाच्या मनात कोणता शब्द येतो? पान्हा! वासरू ढुशी देतं, गाय पान्हावते आणि धार लागते. लॅटिन गुराखी आणि मराठी गुराखी एकमेकांना कधी भेटले नसतील, पण दोघांना आनंदाच्या आणि मायेच्या पुराला गोठ्यातलं तेच दृश्य दिसलं. फरक एवढाच की मराठीत पान्हा वात्सल्याचा राहिला आणि इंग्रजीत तो उत्साहाचा झाला, मग पार शेअर बाजारात पोचला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी ५ डिसेंबर १९९६ च्या भाषणात बाजाराच्या चढलेल्या किमतींबद्दल बोलताना ‘इर्रॅशनल एक्झुबरन्स’, म्हणजे अविवेकी उत्साह, असे दोन शब्द वापरले. प्रश्नाच्या ओघात, अगदी जाता जाता. टोकियोचा बाजार त्या वेळी उघडा होता, तो घसरला आणि मग जगभर पडझड झाली. बाजाराचा पान्हा आटवला तो दोन शब्दांनी.

‘ओव्हरव्हेल्म्ड’ हा शब्द आपल्याकडे सत्कारमूर्ती हमखास वापरतात. ‘आय अ‍ॅम ओव्हरव्हेल्म्ड’. व्हेल्म म्हणजे पालथं घालणं, लाटेने होडी उलटावी तसं. म्हणून तो सुखातही चालतो आणि दुःखातही. सत्काराने भारावून गेलात तरी ओव्हरव्हेल्म्ड, कामाच्या ढिगाखाली दबलात तरी ओव्हरव्हेल्म्ड. पण हे आतलं सांगणं झालं, स्वतःबद्दलचं. ‘आय अ‍ॅम इफ्यूसिव्ह’ असं मात्र कुणी व्यासपीठावरून म्हणत नाही. इफ्यूसिव्ह हे प्रमाणपत्र नेहमी दुसऱ्याने द्यायचं असतं. आपण किती सांडलं ते काठावर बसलेल्यालाच दिसतं.

‘मॉडलिन’चा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. बायबलमधली मेरी मॅग्डलीन चित्रांत नेहमी रडताना दाखवली जायची. तिच्या नावाचा इंग्रजी उच्चार घासून मॉडलिन झाला आणि रडवेल्या भावुकपणाला, खास करून दोन पेग पोटात गेल्यावरच्या, तो शब्द चिकटला. ऑक्सफर्डचं मॅग्डलेन कॉलेज आणि केंब्रिजचं त्याच नावाचं कॉलेज, दोन्हींचा उच्चार आजही ‘मॉडलिन’ असाच करतात. आपल्याकडे याला ‘सेंटी होणं’ म्हणतात आणि ते पुरेसं आहे.

परत इफ्यूसिव्हकडे. मराठीत त्याला एकच शब्द का सापडत नाही, याचं माझं उत्तर असं: इंग्रजीत हा शब्द तराजूच्या काट्यावर उभा आहे, इकडेही झुकतो, तिकडेही. मराठीत आपण दोन पारडी वेगवेगळी केली आहेत. सांडलेलं आवडलं तर एक शब्दसमूह, खटकलं तर दुसरा. आवडलं तर ‘भरभरून’ आणि ‘तोंडभरून’. ‘सासूबाईंनी सुनेचं तोंडभरून कौतुक केलं’ हे ‘इफ्यूसिव्ह प्रेझ’चं इतकं नेमकं मराठी आहे की दुसरं शोधायला जाऊ नये. खटकलं तर ‘प्रेम नुसतं उतू चाललंय’, ‘आज फार पुळका आलाय’, ‘किती ते लाडं-लाडं बोलणं’. पुळक्याची तर दैना झाली आहे. संस्कृतातला पुलक म्हणजे आनंदाने अंगावर आलेला रोमांच, तो भक्तीत आणि काव्यात मानाने वावरायचा. मराठीत घरगुती वापरात आला आणि सरळ टोमणा झाला. ‘निवडणूक आली की शेतकऱ्यांचा पुळका येतो’ या वाक्यात रोमांच शोधून सापडणार नाही.

आणि अघळपघळ. भावनेचा रंग त्यात कमी आहे हे मान्य, पण पघळणं म्हणजे तुपासारखं वितळून पसरणं. दख्खनचा लाव्हा पघळला तसंच. एखाद्या पात्राचं बोलणं इंग्रजीत ‘इफ्यूसिव्ह’ म्हटलं असेल आणि लेखकाला तो माणूस थोडा हास्यास्पद करायचा असेल, तर मी ‘अघळपघळ’ वापरतो. एका संपादकांनी त्यावर लाल रेघ मारून समासात ‘भावनाशील?’ असं लिहिलं होतं. मी ती रेघ खोडली. तेव्हापासून आमचं बोलणं फारसं इफ्यूसिव्ह राहिलेलं नाही.

शेवटच्या वाक्यात केला तो वापरही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. इंग्रजीत हा शब्द नकारात फार खुलतो. ‘द रिस्पॉन्स वॉज लेस दॅन इफ्यूसिव्ह’ म्हणजे प्रतिसाद अगदीच थंड होता. कमी बोलून जास्त सांगायची ही खास ब्रिटिश रीत. पुण्यात ती जन्मतःच येते. तिथे ‘वाईट नाही’ ही पसंतीची वरची पायरी आहे, त्यामुळे हा वाक्प्रचार समजायला पुणेकराला अनुवादकाची गरज पडू नये.

कुणाला वाटेल, मराठी माणूस सांडायलाच घाबरतो. तसंही नाही. घरात आपण आभार मानत नाही, ‘आभार मानून परकं करू नका’ म्हणतो, पण समारंभात ‘आभारप्रदर्शन’ नावाचा वेगळा कार्यक्रमच ठेवतो. प्रदर्शन! मांडववाल्यापासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांवर सारखंच ओतायचं, आणि श्रोते तोवर चपला शोधत असतात. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या, विशेषणं संपतात पण फ्लेक्स संपत नाही. म्हणजे सांडायला आपली हरकत नाही. पत्रिकेत वेळ छापलेली असावी, किंवा चौकात जागा ठरलेली असावी, एवढंच.

तर भाचीची ईमेल. मी म्हटलं, एखादी दाखव. तिने पाठवली. क्लायंटने कळवलं होतं की अहवालातल्या तारखांच्या रकान्यात एक चूक आहे. त्यावर हिचं उत्तर: ‘थँक यू सो, सो मच फॉर युअर वंडरफुल सपोर्ट! वी आर ट्रूली, ट्रूली ग्रेटफुल! युअर फीडबॅक इज अ‍ॅब्सोल्यूटली अमेझिंग!’ तीन वाक्यं, तीन उद्गारचिन्हं, आणि तारीख दुरुस्त केली की नाही याचा कुठे पत्ताच नाही.

‘अगं, त्याने तुला चूक दाखवली, किडनी नाही दिली,’ मी म्हटलं.

‘मामा, आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगितलंय, टोन वॉर्म ठेवा.’

तिचंही खोटं नाही. दुसऱ्याच्या भाषेत उब किती आणि चटका कुठून सुरू होतो, हे हाताला पटकन कळत नाही. मग आम्ही दोघांनी बसून ती ईमेल परत लिहिली. ‘थँक यू फॉर स्पॉटिंग द एरर इन द डेट कॉलम. वी हॅव फिक्स्ड इट अँड चेक्ड द रेस्ट.’ तिला हे फार कोरडं वाटलं. एक उद्गारचिन्ह तरी राहू दे म्हणून तिने घासाघीस केली, शेवटी ‘थँक यू’च्या पुढे एक राहू दिलं. पाठवली.

दहा मिनिटांत क्लायंटचं उत्तर आलं: ‘नोटेड.’

‘बस? एवढंच?’ ती म्हणाली.

‘याला म्हणतात लेस दॅन इफ्यूसिव्ह,’ मी म्हटलं.